कुंकू लावलेली अंडी

कासव हा शब्द कानावर पडला, की आजही माझे हात आपोआप मांडीवर घट्ट बसतात. घरचे हसतात. पोलीस खात्यात उभी हयात गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले, दगडफेकीत डोकं फुटून टाके पडले. पण कोणत्या केसनं झोप उडवली, असं कोणी विचारलं तर मी हीच सांगतो. ऐकणारा म्हणतो, "बस, एवढंच?" आता त्याला काय सांगणार!

सध्या मी लातूरला असतो. ही हकिगत नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेकडची, हदगाव-हिमायतनगर पट्ट्यातली. पैनगंगेच्या काठावर आमच्या ठाण्याची हद्द संपायची. ठाण्याचं, गावाचं, माणसांचं नाव मी घेणार नाही. त्यांना अजून तिथंच राहायचंय.

माझ्याबद्दल एक गोष्ट आधी सांगून टाकतो. मी कागदाला पक्का माणूस. माझ्या ठाण्यातली मुद्देमाल खोली बघायला वरिष्ठ दुसऱ्या ठाण्याच्या लोकांना पाठवायचे. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर, नंबराची रजिस्टरला नोंद, लाखेचं सील. आणि दुसरं म्हणजे भानामती, करणी असल्या प्रकारांचा मला भयंकर तिटकारा. आमच्या मराठवाड्यात या खुळापायी किती जणांचे हातपाय मोडले ते मी डोळ्यांनी पाहिलंय. शाळाशाळांतून मी त्यावर भाषणं द्यायचो. टाळ्याही मिळायच्या. थोडक्यात, मला सगळं कळतं असं मला वाटायचं.

संक्रांत होऊन चार-आठ दिवस झाले असतील. सकाळची हजेरी चालू होती आणि फोन आला. नदीकाठच्या एका गावातला वजनदार माणूस बोलत होता. त्याचे वाळूचे ट्रॅक्टर होते, पंचायतीत ऊठबस होती. म्हणाला, "साहेब, जल्दी या. नदीच्या अंगाला तो म्हातारा मासे मारणारा राहतो ना, त्यानं घरामागं कुंकू लावलेली अंडी पुरून ठेवलीत. गावात दोन म्हशी मेल्या या महिन्यात. लोक लई तापलेत. काही झालं तर मला बोलू नका."

मी हजेरी अर्धी टाकून निघालो. बरोबर एक हवालदार, दोन शिपाई. पोचलो तेव्हा दहा वाजले असतील. झोपडीपुढे साठ-सत्तर माणसं. बायका लांब उभ्या, पदराचं टोक दातात धरून. दोघा-तिघांच्या हातात दगड होते. मला बघून त्यांनी ते मागे लपवले, टाकले मात्र नाहीत. म्हातारा दारातच बसला होता. साठीच्या पुढचा, काटकुळा, अंगावर बनियन आणि गुडघ्यापर्यंत दुमडलेलं धोतर. त्याची बायको त्याच्या पुढे उभी होती, हात पसरून.

झोपडीमागे एक फुटका रांजण अर्धा जमिनीत गाडला होता. त्यात नदीची वाळू. हवालदारानं वीतभर वाळू बाजूला केली आणि मागची गर्दी एकदम हुंकारली. पांढरी, गोल, लिंबाएवढी अंडी. आणि प्रत्येकावर कुंकवाचा ठिपका.

खरं सांगतो, मी अंधश्रद्धाळू नाही, पण मागे सत्तर माणसं उभी असताना ती लाल टिकल्यांची रांग बघून अंगावर काटा आला. आता इथून या माणसाला जिवंत बाहेर कसं काढायचं, हा पहिला विचार. आणि दुसरा, केस चांगली आहे. दुसरा विचार पहिल्याच्या पाठोपाठ आला, हे मी लपवणार नाही.

पंच बोलावले. पोतं अंथरलं. एकेक अंडं काढून पोत्यावर ठेवायचं, मोजायचं, पंचांनी बघायचं, मी लिहायचं. पंचांना चारी बाजूंनी दाखवायचं म्हणून हवालदार प्रत्येक अंडं बोटांत धरून फिरवत होता. अंडी एकूण सत्तावीस भरली.

पहिलं अंडं उचललं तसा म्हातारा उठला. "साहेब, तसं न्हाई! कासवाची हायत ती. जशी हायत तशीच उचला. उलटी केली की आतलं पिल्लू मरतंय हो!"

"कासवाची?" मी म्हणालो. "मग नदीत असायला पाहिजेत. तुझ्या घरामागं काय करून राहिलीत? आणि कुंकू कशाला?"

"खालवर कळावं म्हणून."

गर्दीतून कोणीतरी शिवी हासडली. मलाही तो बनाव वाटला. पकडला गेलेला माणूस ऐनवेळी काहीही जोडून सांगतो, हे मी हजारदा पाहिलं होतं. म्हणालो, "पंचनामा कसा करायचा ते आता तू मला शिकवणार?"

त्याची नजर हवालदाराच्या बोटांवरून हलेना. अंडं फिरलं की याची मान फिरायची. मला ते दिसत होतं. दिसून मी काय केलं? लिहीत राहिलो.

ठाण्यात आणून त्याला बसवलं. मुद्देमाल कारकुनानं कागदी खोक्यात अंडी रचली. एकावर एक थर, मध्ये कापूस. कुंकू तपासणीला पाठवायचं म्हणून सहा अंड्यांवरचे ठिपके कापसानं पुसून बाटलीत घेतले. मग खोक्याला सील, सह्या आणि मांडणीवर जागा. काम चोख झालं म्हणून मी कारकुनाची पाठ थोपटली.

दुपारी चौकशीला बसलो. चौकशीत मी हात उगारत नसे. चहा द्यायचा, समोर बसवायचं आणि तोच प्रश्न पाच वेगवेगळ्या अंगांनी विचारायचा, ही माझी पद्धत.

"कोणाच्या घरावर करणी करत होतास?"

"न्हाई साहेब. कासवाची अंडी हायत. मऊ पाठीचं मोठं कासव असतंय आपल्या नदीत. म्या ल्हान होतो तवा वाळूवर पाय ठेवायला जागा नसायची इतकी घरटी. आता पाच वर्सं झाली, एक दिसलं न्हवतं. ह्या टायमाला एक आलं, माझ्या डोळ्यांदेखत आलं. दिस उगवताना वाळूत खड्डा करून बसलं."

"मग वाळूतच राहू द्यायची. घरी का आणलीस?"

इथं तो भिंतीकडे बघायला लागला.

"कोणी सांगितलं आणायला?"

तो धोतराची दुमड बोटानं सारखी करत राहिला.

"कोण होतं बरोबर?"

पाच अंगांनी विचारलं, दहा अंगांनी विचारलं. नदीचं, कासवाचं सगळं भडाभडा बोलायचा आणि या प्रश्नाशी आलं की तोंडाला कुलूप. मी मनात म्हटलं, सापडलास बाबा. इथंच तुझी गोम आहे. संध्याकाळी जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवून अटक दाखवली. कोठडीत नेताना त्यानं एकच विचारलं, "त्या खोलीत लई गरम होतंय का, साहेब?"

मला वाटलं, कोठडीबद्दल विचारतोय. म्हटलं, नाही, पंखा आहे. नंतर कळलं की तो मुद्देमाल खोलीबद्दल विचारत होता.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमारास त्याची बायको आली. भाकरीचा डबा घेऊन सहा-सात किलोमीटर चालत. ठाण्याच्या पायरीवर टेकली, धापा टाकत होती. मी बाहेर आलो तशी उठली आणि म्हणाली, "साहेब, अंडी कुठं ठिवलीत?"

मी चमकलो. आजवर किती बायका त्या पायऱ्यांवर बघितल्या असतील! नवरा कसा आहे, मारलं का, जेवला का, सुटणार कधी, हेच चार प्रश्न. मुद्देमाल कसा आहे असं आजवर एकीनंही विचारलं नव्हतं.

"नवऱ्याचं नाही विचारत?"

"तो काय, तो म्हातारा हाय, तग धरतंय. अंड्यांचं सांगा. उलटीपालटी न्हाई ना केली? त्या फॉरेष्टच्या मॅडमला फोन लावा न साहेब. त्यांनीच सांगितलं हुतं. त्या चार दिस लातूरला ट्रेनिंगला गेल्यात, फोन लागला न्हाई आमाला. न्हाईतर हे झालंच नसतं बघा."

 मी वनरक्षक बाईंचा नंबर मिळवला. त्या आदल्या रात्रीच परतल्या होत्या. पाऊण तासात दुचाकीवर आल्या. तिशीची मुलगी, चेहऱ्यावर धुळीचा थर. "जयभीम साहेब, कुठे आहेत?" एवढंच म्हणाल्या. मी सील फोडू शकत नव्हतो, पण खोक्याला वरून फट होती. त्यांनी मोबाइलचा उजेड आत पाडला आणि बघताच त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, ठिपके सगळीकडे तोंड करून आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे गेलं सगळं, बहुतेक."

मग त्यांनी सांगितलं, आणि मी ठाण्याच्या व्हरांड्यात शाळकरी पोरासारखा ऐकत उभा राहिलो. कोंबडी आपली अंडी रोज फिरवते, कासव फिरवत नाही. घातल्यापासून दिवसा-दोन दिवसांत आतला गर्भ वरच्या अंगाला कवचाला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं की तो खाली दबतो, गुदमरतो. म्हणून घरटं हलवायची वेळ आली तर वरच्या बाजूला पेन्सिलनं खूण करायची, हे त्यांनीच गेल्या साली नदीकाठच्या लोकांना शिकवलं होतं. म्हाताऱ्याकडे पेन्सिल नव्हती. बायकोच्या करंड्यात कुंकू होतं.

मला माझाच राग आला. तो माणूस मला पंचनाम्याच्या वेळी सरळ, साध्या मराठीत हेच सांगत होता. खालवर कळावं म्हणून. याहून स्पष्ट माणूस काय बोलणार?

"अजून काही जगतील का?" मी विचारलं.

"माहीत नाही साहेब. पण इथे ठेवली तर एकही नाही."

आता सगळा जीव घड्याळात. मुद्देमाल कोर्टाच्या आदेशाशिवाय हलवता येत नाही. हा नियम मीच माझ्या लोकांच्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकला होता, आणि आता कारकून मलाच तो ऐकवत होता. म्हाताऱ्याला तसंही त्या दिवशी कोर्टात हजर करायचं होतं. त्याला घेतलं, खोकं घेतलं, बाईंना घेतलं आणि निघालो. खोकं मी कोणाच्या हातात दिलं नाही, मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो. रस्त्यात खड्डा आला की मी ड्रायव्हरवर ओरडायचो आणि मागे बसलेला म्हातारा "हळू बाबा, हळू" म्हणायचा. आरोपी आणि ठाणेदार एकाच सुरात! मोठमोठ्या सभांच्या बंदोबस्तातसुद्धा मला एवढा घाम फुटला नव्हता.

कोर्टात आमचा नंबर लागेना. एकामागून एक प्रकरणं. साडेबारा झाले, एक झाला. मी फायली लावणाऱ्या पेशकाराकडे तीनदा गेलो. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "साहेब, अंडीच आहेत ना? पळून जातायत का?" मला त्याची गचांडी धरावीशी वाटली. शेवटी मधल्या सुट्टीच्या तोंडाशी न्यायाधीश मॅडमनी ऐकून घेतलं. मी उभा राहून सांगितलं की माझी चूक झाली आहे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, अर्ज लिहून द्या म्हणाल्या.  अंडी वन विभागाच्या ताब्यात, म्हातारा जातमुचलक्यावर मोकळा.

कोर्टाच्या आवारातच, लिंबाच्या सावलीत बाईंनी सील फोडलं. घमेल्यात ओली वाळू घेतली आणि म्हाताऱ्यानं एकेक अंडं ठिपका वर करून त्यात बसवलं. एकवीस झाली. सहा उरली, कोरी. कापसानं पुसलेली. त्यानं त्यातलं एक हातात घेतलं, उन्हाकडे धरलं, माझ्याकडे बघितलं.

"ह्याचं वर कंचं, साहेब?"

मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. त्यानं अंदाजानं ठेवली.

परतताना मी त्याला सरळ विचारलं, घरी आणण्याचं कारण अजून सांगणार नाहीस का? तो हळूच बोलला. त्याचा जावई त्या फोन करणाऱ्याच्याच ट्रॅक्टरवर होता. जावयानं एक दिवस आधी सासऱ्याला कळवलं की उद्या त्याच वाळूत यंत्र उतरणार आहे. म्हणून रातोरात नाही, भर दिवसा, बायकोला घेऊन म्हाताऱ्यानं अंडी उचलून आणली. जावयाचं नाव घेतलं तर त्याचं काम जाणार, वर मार खाणार. "पोरीचा संसार हाय, साहेब."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. वीतभर वाळूखाली पुरलेली अंडी फोन करणाऱ्याला दिसली कशी? कुंकू लावलंय हे त्याला कळलं कसं? पोलीस माणसानं पहिल्या मिनिटाला विचारायचा प्रश्न, आणि मी तो दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःला विचारत होतो! त्याला ठाण्यात बोलावलं. आधी ऐट, मग ओळखी सांगणं, मग घाम. शेवटी कबूल झाला. त्याच्या माणसानं म्हाताऱ्याला अंडी उचलताना, ठिपके लावताना पाहिलं होतं. घरट्याची बातमी बाईंपर्यंत गेली असती तर तेवढा वाळूचा पट्टा बंद पडला असता. म्हशी आयत्याच मेल्या होत्या. गावाला चेतवायला एवढं पुरेसं होतं. नदीवर जाऊन पाहिलं तर म्हाताऱ्यानं दाखवलेल्या जागी कमरेएवढा खड्डा आणि ट्रॅक्टरची चाकोरी. त्या वाळूवाल्यावर गुन्हा नोंदवला, म्हाताऱ्यावरचा गैरसमजातून दाखल झाला असा अहवाल देऊन बंद केला. गावात सभा घेऊन सगळ्यांसमोर मी ते सांगितलं. जावयाचं नाव कुठेही येऊ दिलं नाही.

अंडी काठावरच्या उंच जागी पुरून वर जाळी बसवली. आणि मग नुसती वाट बघणं. बाई म्हणाल्या, किती दिवस लागतील नक्की सांगता येत नाही, आणि उकरून बघायचं नाही. आठवड्यातून एकदा मी त्या बाजूची गस्त स्वतःकडे घेऊ लागलो. म्हातारा जाळीपाशी बसलेला असायचा. कोल्हा आला होता, कुत्री आली होती, हे सांगायचा. मी विचारायचो, काही हालचाल? तो मान हलवायचा. माघ गेला, फाल्गुन गेला. घरी जेवताना बायको म्हणायची, तुमचं लक्ष कुठंय? तिला काय सांगू, वाळूखाली आहे म्हणून!

उन्हाळा सरत आला तेव्हा एका सकाळी बाईंचा फोन आला. आवाजावरून काही कळेना. नुसतं "या" म्हणाल्या.

मी गेलो तेव्हा वाळू हलत होती. खालून एक इवलंसं तोंड वर आलं, लांब नाकाचं. मग पाय. मग अंगठ्याएवढी पाठ, ओल्या कातड्यासारखी मऊ. ते थोडं थांबलं आणि पाण्याच्या दिशेनं निघालं. मी हवालदारासमोर रडलो, लाज वाटली नाही. दुसरं आलं, तिसरं आलं. दुपारपर्यंत नऊ झाली.

नंतर आणखी तीन दिवस वाट पाहिली. काही आलं नाही. बाईंनी घरटं उकरलं. अठरा अंडी तशीच होती, थंड, जड. पुसलेली सहाच्या सहा त्यात होती.

म्हातारा पाण्याकडे तोंड करून बसला होता. मी शेजारी जाऊन बसलो. त्यानं मूठभर वाळू उचलून पुन्हा खाली सोडली. मग म्हणाला, "माझ्यामुळं गेली, साहेब. त्याच दिशी जावयाचं नाव सांगितलं असतं तर तुम्ही इश्वास ठिवला असता. म्या भ्यालो. चार महिने तेच डोक्यात हाय. झोप न्हाई."

चार महिने! मी दर आठवड्याला त्याच्याजवळ बसत होतो आणि तो हे पोटात घेऊन बसला होता. मला वाटायचं, तो मनातल्या मनात मला शिव्या देतोय. गप्प राहिलो असतो तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. तो दोष स्वतःकडे घेतच होता.

"नाही," मी म्हणालो. "तू दहा नावं सांगितली असतीस तरी मी ऐकलं नसतं. मला केस पाहिजे होती. तू सांगितलंस ते मी ऐकलं, आणि तरी अंडी फिरवू दिली. ती माझ्या हातानं मेली. तुझ्या नाही."

आयुष्यभर समोरच्या खुर्चीवर माणसं बसवून मी त्यांच्याकडून खरं काढून घेतलं. स्वतःहून असं बोलायची ती माझी पहिली वेळ. या केसनं काय शिकवलं म्हणाल, तर अडाणी माणूस साध्या शब्दांत काही सांगतो तेव्हा तो खोटं बोलतोय असं धरून चालण्याची माझी सवय त्या दिवशी सुटली. पण ती सुटायला अठरा जीव गेले, आणि ते परत आणता येत नाहीत.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. "हाव?" म्हणाला. मी म्हटलं, हो. त्यानं टोपी काढून तोंड पुसलं, आणि तिथंच, नदीच्या काठावर, भर सकाळी वाळूवर आडवा झाला. थोड्या वेळानं तो घोरायला लागला. मी तो उठेपर्यंत बसून राहिलो.